काकांच्या स्पीकरमधले चार कपॅसिटर

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. अमेरिकेतल्या ॲडमिशनसाठी केलेल्या प्रत्येक अर्जात मी हे वाक्य लिहिलं होतं. इतक्यांदा लिहिलं, की कॉलेजात गेलो म्हणजे आपल्याला काहीतरी येत असणार, असं मलाही वाटायला लागलं. वडिलांचं तालुक्याच्या गावी मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. लहानपणी मी दुकानात कशाला हात लावायला गेलो की ते म्हणायचे, "तू नको. तू पुस्तक वाच." मी आज्ञाधारक मुलगा होतो. त्यामुळे इलेक्ट्रिकल इंजिनिअर झालो, मास्टर्स करायला शिकागोत आलो, आणि सोल्डरिंग आयर्न कुठं धरलं की हात भाजत नाही हे वयाच्या चोविसाव्या वर्षी व्हिडिओ बघून शिकलो. पहिल्या व्हिडिओत नीट लक्ष नव्हतं, म्हणून थोडं भाजूनही शिकलो.

मी राहतो ते घर डेव्हन ॲव्हेन्यूपासून चालत दहा मिनिटांवर आहे. विटांचं, दोन मजली. खाली माझी खोली, वर घरमालक काका आणि काकू. ते माझे नात्याचे कुणी नाहीत. काका पन्नासेक वर्षांपूर्वी सांगलीहून इकडे आले, एका कारखान्यात मशीन डिझाइन करत राहिले आणि निवृत्त झाले. काकू मूळच्या नागपूरच्या. त्यांनी तीस वर्षं हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली. त्यांची मुलगी रेडमंडला असते आणि तिची मुलगी सहा वर्षांची आहे. दर रविवारी दुपारी या नातीचा व्हिडिओ कॉल येतो.

वरच्या हॉलमध्ये काकांचे दोन स्पीकर आहेत. लाकडी पेट्या, कमरेइतक्या उंच, पुढे तपकिरी कापड. अमेरिकेत आल्यावर पहिल्या हिवाळ्यात काकांनी ते घेतले. तेव्हा घरात पलंग नव्हता, असं काकू सांगतात. "मी लग्न करून आले तर जमिनीवर गादी आणि भिंतीला हे दोघं. मला वाटलं यांचे रूममेट आहेत."

गेल्या वर्षभरापासून काका म्हणत होते की स्पीकर म्हातारे झाले. त्यांच्याकडे भजनांची एक जुनी रेकॉर्ड आहे. तीत टाळ आहेत, आणि ते टाळ आता वाजतच नाहीत अशी त्यांची तक्रार होती. "पूर्वी कसे अंगावर यायचे. आता कुणीतरी टॉवेलमध्ये गुंडाळून वाजवतंय असं वाटतं."

काकूंचं निदान वेगळं होतं. त्यांच्या मते स्पीकर ठीक होते, कान म्हातारे झाले होते. नातीचा बारीक आवाज काकांना फोनवर कळत नसे. ते सगळ्याला "व्हेरी गुड, व्हेरी गुड" म्हणत. पूर्वी ती आजोबांशी अर्धा अर्धा तास बोलायची, आता दोन वाक्यं बोलून "कॅन आय टॉक टू आजी" म्हणते. काकूंनी खटपट करून कानाच्या टेस्टची अपॉइंटमेंट घेतली होती. अडीच महिने थांबल्यावर पुढच्या महिन्यातला एक गुरुवार मिळाला होता. काका टेस्टला नाही म्हणत नव्हते, हो पण म्हणत नव्हते. विषय निघाला की उठून गॅलरीत जायचे.

या घरगुती वादात मी पडायला नको होतं. पण शनिवारी सकाळी काकूंनी पोहे खायला वर बोलावलं होतं, काका परत टाळांबद्दल बोलत होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, कपॅसिटर असू शकतात."

"काय असू शकतात?"

"कपॅसिटर," काकू मोठ्यांदा म्हणाल्या.

मग मी समजावून सांगितलं. स्पीकरच्या पेटीत आवाज काढणारे दोन भाग असतात, एक मोठा, जाड आवाजासाठी, आणि एक छोटा, बारीक आवाजासाठी. छोट्याला ट्वीटर म्हणतात. कुठला आवाज कुणाकडे पाठवायचा हे आत बसवलेलं एक लहानसं सर्किट ठरवतं, त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. त्यात कपॅसिटर असतात. जुने कपॅसिटर हळूहळू आतून वाळतात, मग ट्वीटरला पुरेसा आवाज पोचत नाही आणि टाळ टॉवेलमध्ये जातात.

हे सगळं खरं आहे. असं होतं. पण मी ते ज्या थाटात सांगितलं त्यावरून असं वाटावं की मी आयुष्यात असे शंभर स्पीकर उघडलेत. मी एकही उघडला नव्हता. इथे वर्गात प्रोफेसर प्रश्न विचारतात तेव्हा मी वहीत काहीतरी लिहितोय असं दाखवतो. उत्तर येत असतं, बहुधा. पण मी मनातल्या मनात वाक्य जुळवेपर्यंत दुसरा कुणीतरी ते म्हणून मोकळा होतो, आणि मी मान डोलावतो, जणू त्याला मीच पाठवलं होतं. पोह्यांच्या त्या टेबलावर मात्र मी एकटाच इलेक्ट्रिकलवाला होतो. काका चमचा खाली ठेवून ऐकत होते.

"बघ," ते काकूंना म्हणाले. "शिकलेला मुलगा आहे."

"शिकलेली मी पण आहे. आणि मी म्हणते कान."

"तो मोजून दाखवेल. काय रे, मोजता येतात ना?"

"येतात," मी म्हणालो.

पुढच्या शनिवारी मी कॉलेजच्या लॅबमधून सही करून मीटर आणला. मोठा स्पीकर काढायला आठ स्क्रू, मग आत पिवळसर कापसासारखं काहीतरी ठासून भरलेलं. तो कापूस नव्हता, काचेची लोकर होती, हे मला दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालून झाल्यावर कळलं. पुढचे दोन दिवस मी खाजवत होतो. तळाशी क्रॉसओव्हर सापडला. प्रत्येक पेटीत दोन कपॅसिटर, एक चारचा, एक आठचा. चार आणि आठ मायक्रोफॅरड, म्हणजे त्यात किती विद्युतभार मावतो त्याचं माप. ते मोजायचं आणि छापलेल्या आकड्याशी ताडून बघायचं, एवढंच काम.

काकांनी आपल्या नोकरीच्या काळातली एक आलेखाच्या कागदाची वही काढली, पट्टीनं रकाने आखले आणि माझ्यापुढे ठेवली. "तू रीडिंग घे. मी चहा टाकतो."

मी कपॅसिटरचा एक पाय सुटा केला, मीटर लावला. चारचा होता, मीटरनं दाखवलं चार पूर्णांक एक. मला वाटलं मीटर बिघडलाय. आठचा लावला. आठ पूर्णांक दोन. मी मीटरची बॅटरी बदलली. दुसरी पेटी उघडली. चार पूर्णांक शून्य. आठ पूर्णांक तीन. पन्नास वर्षं शिकागोच्या थंडीत आणि हीटरच्या झोतात काढलेले ते चारही कपॅसिटर ठणठणीत होते. माझ्यापेक्षा चांगल्या अवस्थेत होते.

इथे मला आमच्या कॉलेजबद्दल सांगायला हवं. सबब म्हणून नाही, नुसतं कळावं म्हणून. आमच्याकडे प्रॅक्टिकलमध्ये रीडिंग घेत नसत, छापत असत. सीनिअरच्या जर्नलमधून. ज्याचा सीनिअर नसेल त्यानं आधी उत्तर काढायचं, मग त्या उत्तरापर्यंत पोचतील अशी रीडिंग मागे मागे लिहीत जायची. ओहमचा नियम तपासायचा म्हणजे तो बरोबर निघायलाच हवा, तो चूक निघाला तर सर जर्नलवर लाल रेघ मारतील. मीटरचा काटा दुसरीकडे गेला तर चूक काट्याची. मी या कामात हुशार होतो. मुलं माझी जर्नल मागायला यायची, कारण माझी रीडिंग फार सुंदर असत. आलेख काढला की सरळ रेषा, एकही टिंब बाहेर नाही.

स्वयंपाकघरात कपांचा आवाज होत होता. माझ्यापुढे रिकामे रकाने होते. आणि मी आठवडाभर आधी छातीठोकपणे सांगून बसलो होतो की कपॅसिटर वाळलेत. म्हणजे आकडे कमी यायला हवे होते. किती कमी? एक तृतीयांशानं कमी आले तर बरं दिसेल, असा विचार मी खरोखर केला. 'बरं दिसेल' हेच शब्द. चारच्या जागी दोन पूर्णांक सहा लिहिलं, आठच्या जागी पाच पूर्णांक दोन. दुसऱ्या पेटीलाही तेच लिहिलं, शिस्त म्हणून.

काका चहा घेऊन आले. वही उचलून त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "पासष्ट टक्के."

"हो काका."

"दोन्हीत?"

"हो."

"हं," ते म्हणाले, आणि वही काकूंकडे घेऊन गेले. काकूंनी चष्मा लावला. त्यांनी आयुष्यात किती रिपोर्ट पाहिले असतील कोण जाणे. त्यांनी माझी चार ओळींची नोंद एखाद्या पेशंटची असावी तशी वाचली.

"रिपीट केलीस का टेस्ट?"

"हो," मी म्हणालो. हे खरं होतं. मी दोनदा मोजले होते आणि दोन्ही वेळा ते चांगले निघाले होते.

नवे कपॅसिटर टपालानं आले. बोटभर लांब, पिवळे, जुन्यांच्या दुप्पट जाड. त्यानंतरच्या शनिवारी मी ते बसवले. काका शेजारी स्टुलावर टॉर्च धरून बसले होते, पण टॉर्चचा उजेड बहुतेक वेळ माझ्या डोळ्यांत होता. उजवी पेटी झाली. डाव्या पेटीच्या वेळी माझे हात दुखत होते, लोकर चावत होती आणि काका सारखं विचारत होते, "झालं?" मी झालं म्हणालो.

काकांनी रेकॉर्ड लावली. ते नेहमी डावीकडच्या खुर्चीत बसतात, डाव्या स्पीकरच्या अगदी पुढे. डोळे मिटले, मान हलायला लागली. आणि मग ते म्हणाले, "आले. टाळ आले. अगं ए, ऐक. आले की नाही?"

काकू दारात उभ्या होत्या. "वाजतंय खरं काहीतरी," त्या म्हणाल्या.

"काहीतरी काय. स्वच्छ. एकेक ठोका सुटा ऐकू येतोय." ते माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. "पन्नास वर्षांपूर्वी पहिल्यांदा लावले होते ना, तसे झाले बघ. जादू केलीस यार."

मला कुणी कशासाठी जादू केली म्हणण्याची ही पहिलीच वेळ. मी खाली वाकून डाव्या स्पीकरशी कान नेला, आपली जादू जवळून ऐकावी म्हणून. मोठ्या स्पीकरमधून पखवाज आणि गाणं येत होतं. ट्वीटरमधून काहीही येत नव्हतं. मी कान त्याला टेकवला. थंडगार. टाळ होते ते सगळे उजव्या पेटीतून, हॉलच्या पलीकडच्या टोकाकडून येत होते.

डावा ट्वीटर पूर्ण बंद होता. घाईत कुठलातरी जॉइंट कच्चा राहिला होता. आणि काका त्या बंद ट्वीटरपासून चार फुटांवर डोळे मिटून, त्याच्याचकडे तोंड करून टाळ ऐकत होते.

मी हळूच उठलो. आता सगळं स्पष्ट होतं. काकांना ऐकू येत होते ते आठवणीतले टाळ. माझ्या वहीतल्या आकड्यांनी त्यांना सांगितलं होतं की टाळ येतील, आणि ते आले.

"काका," मी सुरुवात केली.

"ती अपॉइंटमेंट," काका काकूंना म्हणाले, "ती मी सोमवारी कॅन्सल करतो. सकाळी नऊला त्यांचं ऑफिस उघडतं. उगाच कुणा गरजूची जागा अडवायची."

काकू माझ्याकडे बघत होत्या. मी मीटर पिशवीत भरत होतो.

रविवारी सकाळी बाबांचा फोन आला. तिकडे संध्याकाळ, दुकान बंद करायची वेळ. मी त्यांना सांगितलं की मी इथे एकांचे स्पीकर दुरुस्त केले. का सांगितलं ते माहीत नाही. त्यांना बरं वाटावं म्हणून असेल.

"काय बदललं?"

"कपॅसिटर. कंडेन्सर."

कंडेन्सर म्हटल्यावर त्यांना कळलं. ते रोज चार बदलतात. "जुने मीटरला काय दाखवत होते?"

खोटं बोलायला मला काहीच हरकत नव्हती, सवय झाली होती. पण बाबांसमोर आकडा जुळवायचा कसा ते सुचेना. "चांगले होते," मी म्हणालो.

"मग काढले कशाला?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गिऱ्हाईक काय म्हणालं?"

"खूश आहेत फार."

पलीकडे शटर ओढल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "चांगला कंडेन्सर काढून चांगला लावला, आणि गिऱ्हाईक खूश झालं. मग बिघाड कुठं होता? तो तसाच राहिला की रे." त्यांनी हे रागानं म्हटलं नाही. एखादी मोटर समोर असावी तसं म्हटलं.

यावर मी जे केलं ते माझ्या स्वभावाला धरूनच होतं. मी जाऊन खरं सांगितलं नाही. काका-काकू भाजी आणायला डेव्हनवर गेले तेवढ्यात मी वर गेलो आणि डावी पेटी उघडली. माझं गणित असं की ट्वीटर चालू केला की निदान कालचं 'टाळ आले' हे वाक्य आज खरं होईल. मग खोटं एवढंच उरेल की चार आकडे चुकीचे आहेत, आणि चार आकड्यांनी कुणाचं काय बिघडतं. कच्चा जॉइंट लगेच सापडला. या वेळी टॉर्च माझ्या हातात होती. पक्का केला, रेकॉर्ड लावली, आणि डाव्या पेटीतून पहिल्यांदा टाळ ऐकले. इतके लख्ख, की मी दचकून मागे सरलो.

काका आले, हात धुऊन खुर्चीत बसले, तीच रेकॉर्ड लावली. मी श्वास रोखून उभा होतो.

"कालच्यासारखंच," ते म्हणाले. "फर्स्ट क्लास."

काकू भाजीची पिशवी हातात घेऊन थबकल्या. "कालच्यासारखं? आज इकडून केवढा आवाज येतोय," त्या डाव्या पेटीकडे बोट करून म्हणाल्या.

"काल पण येत होता. तुझं लक्ष नव्हतं."

तेवढ्यात रेडमंडहून फोन आला. काकांनी रेकॉर्ड थांबवली आणि फोन टेबलावर फळांच्या परडीला टेकवून ठेवला. पडद्यावर नात आली. चेहरा रडून लाल झालेला.

"आजोबा, माय फिश डाइड."

"व्हेरी गुड," काका हसून म्हणाले. "व्हेरी गुड, बेटा."

ती पडद्यातून बघत राहिली. तिनं परत सांगितलं नाही. सहा वर्षांच्या मुलीनं जसं बघायला नको तसं बघितलं, जणू तिला हे अपेक्षितच होतं. मग म्हणाली, "कॅन आय टॉक टू आजी?"

काकूंनी फोन उचलला आणि आतल्या खोलीत गेल्या. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "आजीची लाडकी. आमच्याशी कोण बोलतंय."

काकू बाहेर आल्या, गॅसवर कढई ठेवली. आणि मी म्हणालो, "काका, मी रीडिंग छापली."

"काय?"

"रीडिंग," मी मोठ्यांदा म्हणालो. कबुली हळू आवाजात द्यायची असते असं मला वाटत होतं, पण ती सोय नव्हती. "कपॅसिटरची रीडिंग मी छापली. ते चांगले होते. चारही."

काकूंनी गॅस बंद केला.

काकांनी कपाटातून वही आणली, पान उघडलं आणि आकड्यांवरून बोट फिरवलं. "पासष्ट टक्के," ते म्हणाले. "चारही अगदी पासष्ट. मला तेव्हाच वाटलं होतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला हवी होती तीच रीडिंग आली होती ना." त्यांनी वही मिटली. "मी पण इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलोय रे. आमच्या वेळी तर अख्खं जर्नल छापायचे. पण आम्ही मधे एखादं रीडिंग वाकडं घालायचो. दिसायला तरी खरं दिसावं म्हणून. तू तेवढे पण कष्ट घेतले नाहीस."

"अहो, तुम्ही त्याला शिकवताय का रागावताय?" काकू म्हणाल्या.

"अजून एक आहे," मी म्हणालो. "काल डावा ट्वीटर बंद होता. माझं सोल्डरिंग कच्चं राहिलं होतं. आज तुम्ही बाहेर गेलात तेव्हा नीट केलं."

काकांना हे समजायला वेळ लागला. "काल? मी टाळ टाळ करत होतो तेव्हा?"

"हो."

"आणि आज चालू आहे?"

"हो."

ते डाव्या पेटीकडे बघत राहिले. मला वाटलं ते आता उठून गॅलरीत जाणार. ते उठले खरे, पण खुर्ची उचलून पेटीच्या आणखी जवळ आणली आणि बसले. "ते परत बंद-चालू करता येईल? मला न दिसता?"

करता येत होतं. मी उजवी पेटी पूर्ण बंद केली. डावा ट्वीटर चार स्क्रू काढून पुढे ओढला, त्याची एक वायर सोडवली आणि तिथे क्लिप लावली. क्लिप लावली की चालू, काढली की बंद. काका डोळे मिटून बसले. काकूंनी वही घेतली, माझ्या पानावर नाही, नव्या पानावर, आणि एक ते दहा आकडे लिहिले.

"मी खूण करेन तसं तू कर," त्या मला म्हणाल्या. "तोंडानं काही बोलायचं नाही. आणि अहो, तुम्ही नुसतं चालू का बंद सांगायचं. अंदाज नको."

रेकॉर्ड सुरू झाली. काकूंनी खूण केली, मी क्लिप लावली. टाळ खणखणले. काका थांबले. "बंद," म्हणाले. काकूंनी लिहिलं. क्लिप काढली. "बंद." लिहिलं. लावली. "चालू." मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी क्लिपकडे बघत होतो. सहाव्या वेळी त्यांनी कपाळाला आठ्या घालून इतका वेळ ऐकलं, की मला वाटलं आता नक्की बरोबर सांगतील. चुकले. दहा झाल्यावर काकूंनी रेघ मारली.

"किती?" काकांनी डोळे न उघडता विचारलं.

"दहातली पाच."

"पन्नास टक्के. म्हणजे पास."

"डोळे मिटून नाणं उडवलं असतं तरी पाच आली असती," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज जिंकल्याचा नव्हता. वर्षभर त्या हेच म्हणत होत्या, आणि आता वही खाली ठेवताना त्यांना वाटत असावं, की आपण चूक ठरलो असतो तर बरं झालं असतं.

काकांनी डोळे उघडले. "गुरुवारी जायचंय ना तिकडे? जाऊ." मग माझ्याकडे बोट केलं. "हा गाडी चालवेल. शिक्षा." मला शिकागोत गाडी चालवायची भीती वाटते हे त्यांना माहीत आहे.

मी स्क्रू गोळा करायला लागलो. काका तसेच बसून होते. थोड्या वेळानं त्यांनी काकूंना विचारलं, "मघाशी ती काय म्हणाली?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तिचा मासा मेला."

"आणि मी काय म्हणालो?"

"व्हेरी गुड म्हणालात."

काकांनी फोन मागून घेतला, स्वतः रेडमंडला लावला आणि परडीला टेकवला. मला म्हणाले, "इकडे ये. बस. तुझा आवाज जाड आहे, मला कळतो. ती जे म्हणेल ते मला सांग. जेवढं म्हणेल तेवढंच."

मी त्यांच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसलो. फोन नातीच्या आईनं उचलला, मग ती आली.

"बेटा," काका म्हणाले, "मघाशी मला ऐकू आलं नाही. माझे कान खराब झालेत. म्हणून मी चुकीचं बोललो. परत सांगतेस? हा दादा मला सांगेल."

तिनं मला न्याहाळलं. "व्हाय कान्ट यू हिअर मी?"

"तिचं का ऐकू येत नाही विचारतेय," मी काकांना सांगितलं.

"कारण तिचा आवाज फार बारीक आहे आणि मी फार म्हातारा आहे, सांग तिला."

तेवढं तिला कळलं असावं. तिनं विचार केला. मग ती सांगायला लागली आणि मी मराठीत करत गेलो. मासा सकाळी वर तरंगत होता. तिला आधी वाटलं झोपलाय. तिच्या बाबांनी त्याला अंगणात पुरलं. ती प्रत्येक वाक्यानंतर थांबत होती, माझं सांगून होईपर्यंत, आणि आजोबांचा चेहरा बदलला की पुढचं वाक्य सुरू करत होती. काका एकदाही व्हेरी गुड म्हणाले नाहीत.

"टेल हिम ही वॉज ऑरेंज," ती म्हणाली.

"नारिंगी होता."

"नॉट ऑल ऑरेंज."

"पूर्ण नारिंगी नव्हता."

"मग?" काकांनी तिला विचारलं. "कुठे वेगळा होता?"

ती आठवत राहिली. पडद्यावर तिचा चेहरा जवळ आला. "व्हाइट ऑन द टेल," ती म्हणाली. "अँड अ लिटल बिट हिअर." तिनं आपल्या गालाला बोट लावलं.

"शेपटीवर पांढरा," मी काकांना सांगितलं. "आणि थोडासा इथे." आणि मीही माझ्या गालाला बोट लावून दाखवलं.